नव्या रोड बाइकच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमधून तेल झिरपत आहे. उगम कसा शोधावा?

चाकोरी (प्रश्न)

मी अलीकडेच रोड बाइक घेतली असून तिला पुढे-मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. लीव्हरवर ‘मिनरल ऑइल’ असे कोरलेले असल्यामुळे आत कोणते तेल आहे याबद्दल शंका नाही. सुरुवातीला दोन्ही ब्रेक उत्तम लागत होते. आता मात्र पुढचा लीव्हर पूर्वीपेक्षा बराच आत जातो आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबला की पुन्हा कडक लागतो. सायकल उभी करून ठेवली की पुढच्या कॅलिपरच्या (चाकावरची चकती पॅडमध्ये पकडणाऱ्या भागाच्या) खालच्या कडेला ओशट चकाकी दिसते, खाली फरशीवर लहानसा डागही पडतो आणि थांबताना ब्रेक कर्कश ओरडतो.

होज (तेलाची नळी) हँडलच्या आतून हेडसेटमध्ये (हँडल वळते त्या बेअरिंगच्या सांध्यात), तिथून फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दुभागी भागात) उतरून थेट कॅलिपरपाशीच बाहेर येते, त्यामुळे तिचा बहुतेक भाग मला दिसत नाही. कॅलिपरवरील स्क्रू आणि नट थोडे आवळून पाहावेत का? वरून तेल भरून काही दिवस सायकल चालवता येईल का? एका परिचितांनी गाडीचे ब्रेक ऑइल घालण्यास सुचवले आहे, ते चालेल का? शिवाय पॅड धुऊन पुन्हा वापरता येतात का, हेही कृपया सांगावे.

तेलवात

सर्वप्रथम, ही सायकल दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमधून येते आणि झिरपणारा ब्रेक आज जितका लागतो तितकाच उद्या लागेल, याची खात्री देता येत नाही. वरून तेल भरल्याने लीव्हर तात्पुरता कडक होईल, पण गळती आहे तिथेच राहील.

आता मुख्य मुद्दा. तेल जिथे दिसते तिथूनच ते गळत असेल असे गृहीत धरू नका. तुमच्या सायकलच्या रचनेत तर ते दुसरीकडून आलेले असण्याची शक्यता अधिकच आहे, कारण लीव्हरजवळच्या सांध्यातून पाझरलेले तेल होजच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून हँडलमधून, हेडसेटमधून आणि फोर्कच्या पायातून ओघळत शेवटी कॅलिपरवर येऊन थेंब धरते. अशा वेळी लोक निर्दोष कॅलिपर बदलून घेतात आणि आठवड्याभरात पुन्हा तोच डाग पाहतात.

म्हणून आधी सर्व काही कोरडे करा. पुढचे चाक काढा, पॅड बाहेर काढून ठेवा आणि या अवस्थेत लीव्हरला चुकूनही हात लावू नका, कारण मध्ये रोटर (चाकावरची चकती) नसताना लीव्हर दाबला की पिस्टन मर्यादेपेक्षा बाहेर सरकतात. कॅलिपर, होजचा दिसणारा भाग आणि ब्लीड निपलचे (कॅलिपरवरील हवा-तेल काढण्याच्या तोटीचे) तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा. निपलवरच्या रबरी टोपीच्या आत विशेष लक्ष द्या, कारण कारखान्यात ब्लीड करताना, म्हणजे तेल भरून आतली हवा काढताना, तिथे अडकलेले तेल पुढे कित्येक दिवस थेंबाथेंबाने बाहेर येत राहते आणि ती गळती नसते. लीव्हर मऊ झाला नसता तर तुमच्या बाबतीतही मी हेच कारण प्रथम धरले असते.

त्यानंतर पॅड व चाक परत बसवा आणि पांढऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी गुंडाळा: होज कॅलिपरला मिळते तिथे, ब्लीड निपलभोवती, आणि फोर्कमधून होज बाहेर येते त्या छिद्राच्या अगदी तोंडाशी. शेवटची पट्टी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती ओली झाली तर तेल वरून येत आहे. लीव्हरचे रबरी हूड (आवरण) मागून पुढे दुमडा. खाली होजचा नट दिसेल, त्याच्याभोवतीही कागद ठेवा. मग लीव्हर घट्ट दाबून जाड रबरबँडने हँडलला बांधा आणि रात्रभर तसाच राहू द्या. काही सांधे नुसत्या उभ्या सायकलीत कोरडे राहतात व दाब आला की झिरपतात, म्हणून हे बांधणे आवश्यक आहे. सकाळी जो कागद ओला, तिथे उगम. सगळे कागद कोरडे राहूनही लीव्हर हँडलकडे सरकलेला असेल, तर तेल बाहेर न येता लीव्हरमधल्या मुख्य पिस्टनच्या सीलवरून आतल्या आत मागे जात आहे असा अर्थ होतो.

थेंब खरोखर ब्रेकच्या तेलाचाच आहे ना, तेही पाहून घ्या. पुढच्या चाकाच्या थ्रू-ॲक्सलला (चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्याला) लावलेले ग्रीस उन्हात पातळ होऊन तिथेच उतरते, पण ते कागदावर दाट, धुरकट डाग सोडते. शिमानोचे मिनरल ऑइल पांढऱ्या कागदावर फिकट गुलाबी दिसते. इतर कंपन्यांच्या तेलांचे रंग वेगळे असतात.

सरळरेषा

वरील चाचणी योग्य आहे, पण एक पथ्य पाळा: पुसणे, कागद गुंडाळणे आणि हूड दुमडणे एवढ्यावर थांबा. नवी सायकल वॉरंटीत असते, आणि बार टेप (हँडलवर गुंडाळलेली पट्टी) उकललेला किंवा नटावर पान्याचे ओरखडे दिसले की ‘तुम्हीच काहीतरी केले’ असे म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. कॅलिपरचे स्क्रू अंदाजाने आवळण्याला तर माझा स्पष्ट विरोध आहे. कॅलिपर फोर्कला धरणाऱ्या बोल्टचा तेलाशी काहीही संबंध नसतो, ब्लीड निपलचे आटे नाजूक असतात, आणि लीव्हरवरच्या ब्लीड स्क्रूला तर जेमतेम अर्धा-पाऊण न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो, कारण तिथे तेल अडवण्याचे काम त्याखालची ओ-रिंग (रबरी कडी) करते. तो जोराने पिळल्यास ओ-रिंग चेपते आणि कोरड्या जागी नवी गळती तयार होते.

ओल्या कागदाचा, फरशीवरच्या डागाचा आणि बांधलेला लीव्हर हँडलपासून किती अंतरावर आहे याचा फोटो काढून ठेवा व तक्रार लेखी द्या. तोंडी तक्रारीवर पुष्कळदा ‘ब्लीड करून दिले’ एवढेच होते. ब्लीड केल्याने आतली हवा निघते. सांधा दुरुस्त होत नाही.

पॅडविषयी माझे मत असे आहे की तेल प्यालेले रेझिन पॅड पुन्हा भरवशाचे होत नाहीत. कोणी ते घासतात, कोणी गॅसवर भाजतात. आवाज काही काळ थांबतो, पण पॅड सच्छिद्र असल्यामुळे खोलवर गेलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. नवे पॅड घ्या, मात्र गळती थांबल्याची खात्री होण्यापूर्वी बसवू नका. रोटर धातूचा असल्यामुळे तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पूर्ववत होतो. पुसल्यानंतर त्याच्या घासणाऱ्या भागाला बोटे लावू नका.

पाऊलवाट

गाडीच्या ब्रेक ऑइलचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन निरनिराळ्या जातींची तेले वापरली जातात. शिमानो आणि काम्पान्योलो मिनरल ऑइल वापरतात, तर स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ असते. गाड्यांमध्ये सामान्यतः डॉट ३, ४ किंवा ५.१ हे ग्लायकॉलवर आधारित द्रव असतात आणि त्यांच्यासाठी बनवलेली सील ईपीडीएम रबराची असतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये वेगळे, बहुधा नायट्राइल जातीचे रबर असते आणि ते ग्लायकॉलच्या संपर्कात फुगते व मऊ पडते. उलट दिशेनेही तेच: ईपीडीएम मिनरल ऑइलमध्ये फुगते. चुकीचे तेल एकदा आत गेले की ते काढून योग्य तेल भरणे पुरत नाही; लीव्हरपासून कॅलिपरपर्यंतची सगळी सील संशयास्पद ठरतात, आणि अनेक कॅलिपरची सील सुटी मिळत नसल्यामुळे व्यवहारात अख्खा ब्रेकच बदलावा लागतो. शिवाय डॉट द्रव रंग खातो, तेव्हा नव्या फ्रेमवर त्याचा थेंबही सांडू नये. आपल्या परिचितांचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवावा.

चाकोरी

सर्वांचे आभार. कागदाची चाचणी केली. कॅलिपरच्या सांध्याचा आणि ब्लीड निपलचा कागद पूर्ण कोरडा होता. फोर्कच्या छिद्राशी ठेवलेल्या पट्टीची वरची कडा मात्र गुलाबी झाली होती, आणि हूडखालच्या नटाभोवतीचा कागद तर बोटाला चिकटण्याइतका भिजला होता. नट हाताला सैल वाटत नाही. आता तो फक्त आवळून काम होईल का, आणि विक्रेत्याकडे नेमकी कोणती मागणी करावी?

तेलवात

म्हणजे कॅलिपर निर्दोष आहे आणि उगम लीव्हरपाशी आहे. त्या नटाखाली पितळेची एक छोटी कडी असते, तिला ऑलिव्ह म्हणतात, आणि होजच्या तोंडात आतून ठोकलेला पोकळ बार्ब असतो. नट आवळला की ऑलिव्ह होजवर चेपते आणि सांधा बंद होतो. होज आतून ओवण्याच्या सायकलींमध्ये हा सांधा बहुतेकदा जुळणीच्या वेळी, होज लांबीला कापून केला जातो. होज तिरकी कापली गेली, बार्ब शेवटपर्यंत बसला नाही, किंवा आवळताना होज पुरती आत ढकललेली नव्हती, तर ऑलिव्ह चुकीच्या जागी चेपते. तसे झाले असेल तर नट कितीही पिळला तरी उपयोग नाही, आणि चेपलेली ऑलिव्ह पुन्हा वापरता येत नाही.

नट निव्वळ अपुरा आवळलेला असण्याची शक्यताही आहे, आणि ती एकदाच, टॉर्क पान्याने तपासावी. शिमानोच्या लीव्हरवर हा नट ८ मिमीचा असतो व त्यासाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर सांगितलेले आहेत. तुमच्या ब्रेकचा आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. हे काम विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने तुमच्यासमोर करावे. नट नेमक्या टॉर्कला असूनही झिरपत असेल, तर सांधा नव्याने करण्याची मागणी करा.

इथे एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल आधीच विचारून ठेवा. सांधा नव्याने करायचा म्हणजे होजचे टोक पुन्हा काटकोनात कापायचे, आणि त्यात साधारण सेंटिमीटरभर लांबी जाते. आत थोडी ढील ठेवली असेल तर प्रश्न नाही. होज मुळातच मोजून-मापून कापली असेल, तर हँडल पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाईल, आणि अशा वेळी नवी होजच घालावी लागते. हेडसेटमधून ओवलेली होज बदलण्यासाठी अनेक सायकलींत स्टेम (हँडल धरणारा तुकडा) व फोर्क सोडवावा लागतो. हे काही तासांचे काम आहे, म्हणून ‘आहे त्याच होजमध्ये भागवू’ असा आग्रह होण्याचा संभव आहे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज ताणली जात नाही हे दाखवल्याशिवाय तो मान्य करू नका.

सरळरेषा

मागणीत पॅडचाही उल्लेख करा, कारण ते याच गळतीमुळे निकामी झाले आहेत. हेडसेटचे बेअरिंगही उघडून पुसायला सांगा: मिनरल ऑइल त्यातले ग्रीस पातळ करते आणि मग वरून आलेले पाणी अडत नाही. या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

चाकोरी

नट तपासला, टॉर्क बरोबर होता. सोडवल्यावर होजचे टोक उघड्या डोळ्यांना दिसेल इतके तिरके कापलेले निघाले आणि लांबीही पुरेशी नव्हती. होज व पॅड वॉरंटीत बदलून देण्याचे त्यांनी लेखी मान्य केले असून बेअरिंगही साफ करून मिळणार आहे. सायकल परत घेताना काय पाहावे?

तेलवात

नव्या पॅडना तेल लागण्याचा धोका टाळण्यासाठी त्यांनी पॅड काढून, मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन जागेवर धरणारा ठोकळा) घालून ब्लीड केले ना, हे विचारा. लीव्हर पहिल्याच दाबाला कडक लागला पाहिजे. पंप करावा लागत असेल तर आत हवा उरली आहे. नटाभोवती कागद ठेवून बांधलेल्या लीव्हरची चाचणी तिथेच सुरू करा आणि शक्य असेल तर सायकल रात्रभर त्यांच्याकडेच ठेवा. सगळे कोरडे निघाले की नवे पॅड रोटरवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरचा वेग घेऊन चाक अडकू न देता चालण्याच्या गतीपर्यंत आणावे, असे वीसेक वेळा करावे. मधे पूर्ण थांबू नये, नाहीतर तापलेल्या रोटरवर पॅडच्या पदार्थाचा ठसा एकाच जागी उमटतो आणि ब्रेक लावताना धडधड जाणवू लागते. पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक कमी लागेल, म्हणून उतार टाळा.