टॅबरनॅकल मधोमध की बाजूला?

टॅबरनॅकल म्हणजे कॅथलिक चर्चमधली पवित्र भाकर ठेवायची पेटी. 'दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६०च्या दशकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा) टॅबरनॅकल बाजूला हलवायची सक्ती झाली' असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. मिस्साच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या) सर्वसाधारण नियमावलीत, परिच्छेद ३१५ मध्ये, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: वेदीच्या परिसरात (पण मिस्सा होते त्याच वेदीवर नको), किंवा चर्चला जोडलेल्या, सहज नजरेस पडणाऱ्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात. निर्णय बिशपांचा. आणि बाजूचं चॅपेल म्हणजे आजचं फॅड नव्हे. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये शिल्पकार बर्निनीने १६७४च्या सुमारास पूर्ण केलेलं टॅबरनॅकल उजव्या हाताच्या चॅपेलमध्येच आहे. मला खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे पेटी कोपऱ्यात, फुलदाण्यांमागे. तिच्याजवळचा लाल दिवा दिसेपर्यंत मान वाकडी करायची, मग तिला मान द्यायला गुडघा टेकायचा कुठल्या दिशेला?