मदत हवी आहे: मियाटा (माझ्दाची छोटी टू-सीटर स्पोर्ट्स कार) घेऊन टेल ऑफ द ड्रॅगनला कोणी गेलंय का?

अटलांटावाल्यांनो, जुनी मियाटा घेतली आणि इथल्या स्पोर्ट्स कार क्लबात शिरलो, आता शनिवारी सगळे टेल ऑफ द ड्रॅगनला चाललेत, म्हणजे यूएस १२९ हायवेचा डोंगरातला तुकडा, ११ मैलांत ३१८ वळणं! वरंधा घाट केलाय मी, पण तो बाबांच्या अल्टोतून आणि तेव्हाच बायकोला तीनदा उलटी झाली होती. उतारावर सेकंड गिअरच ना? मागे डोंगर उतरताना ब्रेकचा जळका वास आला होता, ब्रेक फ्लुइड आधी बदलून घेऊ का? शिवाय फूड बँकेसाठी प्रत्येकाने डबाबंद खाणं आणायचंय, आणि आमच्या डिकीत बॅग ठेवली की राजम्याचे चार डबे पण धड मावत नाहीत, तुम्ही कुठे कोंबता? संध्याकाळी पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, गार बटाटेवडे चालतील का? बायको म्हणते सरळ चिवडा ने.