'गोंगाट' आला कुठून?

'गोंगाट' या शब्दाचं मूळ काय? आणि कलकलाट, गलका, कोलाहल हे सगळे त्याचे समानार्थीच समजायचे का?

— आधी शेपूट पाहू. कलकल-कलकलाट, दणदण-दणदणाट, खडखड-खडखडाट. नादाची नक्कल करणाऱ्या जोडशब्दाला 'आट' लागला की नाद हाताबाहेर जातो. पण 'गोंगगोंग' असं कोणी म्हणत नाही. माझ्या मते त्याचं नातं माश्यांच्या 'घोंगावण्या'शी असावं. दोन्हींत तोच नाकातला, घुमत राहणारा नाद आहे. हा शब्द कानांनी घडवलेला वाटतो, संस्कृतातून उतरलेला नाही.

— 'आट' फक्त आवाजाचाच नाही हं. झगमगाट डोळ्यांना, घमघमाट नाकाला, आणि उंदरांचा सुळसुळाट सगळ्या घराला! मुद्दा अतिरेकाचा. शुकशुकाट तर आवाजाच्या अगदी उलट, तरी प्रत्यय तोच.

— समानार्थी मात्र म्हणू नका. आवाज मोठा असला म्हणजे गोंगाट होत नाही. वीज कडाडते, तोफ धडाडते, एकटं मूल भोकाड पसरतं; यांतलं काहीच गोंगाट नाही. त्याला अनेक आवाज लागतात, आणि ते असे मिसळावे लागतात की एकही धड कळू नये. म्हणून हळू आवाजात कुजबुजणाऱ्या शंभर जणांचाही गोंगाट होऊ शकतो. गलका बहुतेक माणसांचाच. 'गदारोळ' हल्ली सभागृहांनी आणि बातम्यांनी वाटून घेतलाय. 'कोलाहल' पुस्तकी, पण जुना: अमरकोश या प्राचीन संस्कृत शब्दकोशात 'कोलाहलः कलकलः' असे दोन्ही शेजारी बसलेत, म्हणजे आपल्या कलकलाटातला 'कलकल'ही काही कालचा नाही.

— मग पक्ष्यांचा किलबिलाट आणि कलकलाट?

— पक्षी तेच असू शकतात. झोप पुरी झाली असेल तर किलबिलाट.

— आणि लाउडस्पीकरवरच्या गाण्यांना काय म्हणायचं?

— एकच गाणं असेल तर दणदणाट. समोरासमोर दोन लाउडस्पीकर वेगवेगळी गाणी लावून बसले, की खुशाल गोंगाट म्हणा.

— 'गलबला' राहिलाच. बाहेर असतो तेव्हा तो गर्दीचा आवाज, पण 'गलबलून आलं' म्हटलं की आवाजाचा मागमूसही नसतो. नुसता घसा दाटतो.