मदत हवी आहे: १९६६ ची मस्टँग, सहा सिलिंडर. इंजिन बदलू की आहे तेच ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहते, डेट्रॉइटपासून पाऊण तासावर. मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या आजोबांकडून १९६६ ची फोर्ड मस्टँग विकत घेतली. दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छपराची आहे. मूळचा रंग निळा, छपरावर तो उडून खडूसारखा झालाय. चौदा वर्षं गाडी त्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती. आजोबांची उमेदीची सगळी वर्षं फोर्डच्या कारखान्यात गेली. किल्ली देताना म्हणाले, "नुसती पुसून ठेवायला देत नाहीये, चालव." मी हो म्हटलं. ते हो खरं करायचंय, म्हणून हा धागा.

चासी नंबर ६ एफ ०७ टी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६ चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि टी म्हणजे २०० घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन. कागदावर १२० अश्वशक्ती. गिअर ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी जिथे बनली तिथून फार लांब ती कधी गेलीच नाही.

हिवाळ्यात सगळ्यात आधी टाकी काढली. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे कडेचे स्क्रू सोडवून टाकी डिकीतूनच वर उचलता आली. आतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं झालं होतं, त्याला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. टाकी नवी बसवली. रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. प्लग, वायरी, पॉइंट (प्लगला ठिणगी देणारा छोटा स्विच), कंडेन्सर नवे. पॉइंटची गॅप मी स्वतः लावली. सांगलीला बाबांच्या पद्मिनीचे पॉइंट रविवारी सकाळी साफ व्हायचे आणि फट मोजायच्या फिलर गेजची पानं माझ्या हातात असायची. तेव्हाचं शिक्षण इथे उपयोगी पडलं.

मार्चमध्ये इंजिन सुरू झालं. आयडलिंगला इतकं शांत चालतं की बॉनेटवर ठेवलेला नट हलत नाही. पण रस्त्यावर काढली की पिकअप घेत नाही. पाय दाबला की दम खाते, हिसका देते, मग हळूहळू वेग धरते. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "इंजिन संपलंय, काढून व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) टाका." पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मी स्वतः तपासलंय. सहाही सिलिंडर १४० ते १५० पीएसआयच्या मध्ये आहेत. संपलेल्या इंजिनाचे आकडे असे असतात का?

मला गाडी प्रदर्शनात मांडायची नाही. रविवारी सकाळी तळ्याकाठच्या रस्त्याने तासभर चालवायची आहे. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी असते, तिथे आजोबांना शेजारी बसवून न्यायचं आहे. ते ८६ वर्षांचे आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणणं मला जमणार नाही. व्ही-८ टाकावं का? नाही टाकलं तर हे इंजिन चालवायला मजा येईल असं काय करता येईल? आणि पैसे आधी कशावर घालू?

प्रतिसाद, ओहायोहून:

ताई, तुमचं इंजिन ठणठणीत आहे. या २०० च्या क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत, सहजासहजी संपणारं इंजिन नाही ते.

एक गोष्ट बघा. तुमच्या वर्षीच्या सहा सिलिंडरला फोर्डने लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) दिला होता. बाकीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेगाबरोबर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे न्यायला फिरती वजनं असतात. याच्यात ती नाहीतच. सगळं काम व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतं आणि ते व्हॅक्युम कार्ब्युरेटरमधल्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून मोजून मापून येतं. मूळच्या ऑटोलाइट ११०० कार्ब्युरेटरच्या अंगात तो व्हॉल्व्ह पेचासारखा बसवलेला असतो, बाहेरून षटकोनी डोकं दिसतं. कुणीतरी मध्येच कार्ब्युरेटर बदलून १९६८ नंतरचा लावला असेल तर त्यात हा व्हॉल्व्ह नसतो. मग डिस्ट्रिब्यूटरला चुकीचं व्हॅक्युम मिळतं, टायमिंग वेळेवर पुढे जात नाही आणि गाडी अगदी तुम्ही लिहिलंय तशी दम खाते. पॉइंट, प्लग कितीही नवे घाला, फरक पडत नाही.

आधी तेवढं बघा आणि फोटो टाका.

व्ही-८ चं म्हणाल तर नुसतं इंजिन बदलून भागत नाही. सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांची, ड्रम ९ इंची, मागचा एक्सल नाजूक, पुढच्या स्प्रिंगा हलक्या. व्ही-८ ला पाच नट, १० इंची ड्रम, ८ इंची डिफरन्शियल. म्हणजे गाडीखालचं सगळंच बदलायचं. पैसा आणि दोन हिवाळे हाताशी असतील तरच त्या वाटेला जा.

प्रतिसाद, टेक्सासहून:

मी व्ही-८ वाला आहे, तेव्हा माझं मत तसं धरूनच वाचा. २८९ घनइंची व्ही-८ चा आवाज एकदा कानात बसला की सहा सिलिंडर गोड लागत नाही. पण ओहायोच्या दादांशी सहमत, ऑगस्ट गाठायचा असेल तर नको.

मला काळजी वेगळीच वाटते. पुढच्या काचेखाली जाळी आहे ना, तिच्यावर पाणी ओतून पाहिलंत का? नसेल तर आजच पाहा. जाळीखाली पत्र्याचा बंद कप्पा असतो, त्याला काऊल म्हणतात. हवा आत यावी म्हणून त्यात दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गोल गळ्या उभ्या असतात. पानं, माती, पाणी त्यांच्या बुडाशी साचतं आणि तिथूनच गंज धरतो. वरून काहीच दिसत नाही. पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं, मग तळाचा पत्रा जातो. या पिढीच्या मस्टँगचं हे सगळ्यात जुनं दुखणं. रंगावर आणि इंजिनावर पैसे घालून वर्षभराने हे कळलं की रडू येतं, मी त्यातून गेलोय.

धागाकर्ती:

दोन्ही दादांचे मनापासून आभार. दोन्ही गोष्टी आज केल्या.

कार्ब्युरेटरवर षटकोनी डोकं कुठेही नाही. फोटो जोडलाय. आजोबांना विचारलं तर त्यांना आठवलं, कधीतरी जुना गळायला लागला म्हणून भंगारातल्या गाडीचा काढून बसवला होता.

पाण्याचं मात्र वाईट झालं. पुढची सीट काढली, कार्पेट उचललं, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणी पडले. मुलीला जाळीवर झारीने हळूहळू पाणी घालायला सांगितलं. ड्रायव्हरच्या बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला अर्धी झारी होईपर्यंत कोरडं, आणि मग हीटरच्या डब्यामागून एक थेंब आला, त्याच्या मागे दुसरा, मग धारच लागली. पाणी तांबूस होतं. तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. पायाशी एका तळहाताएवढ्या जागेवर टणटण न वाजता नुसता बद्द आवाज आला. जरा जोर दिल्यावर टोक आरपार गेलं.

आता ऑगस्टचं काय?

प्रतिसाद, टेक्सासहून:

घाबरू नका, एका बाजूवर निभावलंय. गाडी जॅकवर घेऊन खालच्या चौकटीचे पत्रे, म्हणजे फ्रेम रेल आणि दाराच्या पुढचा टॉर्क बॉक्स, असेच ठोकून पाहा. ते घट्ट असतील तर या उन्हाळ्यात तळाला पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून घ्या आणि काऊलवर पाणी पडू देऊ नका. पावसात काढू नका, धुताना जाळी झाका. गळीवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, तात्पुरत्या चालतील. खरं काम हिवाळ्यात. पुढचे दोन्ही फेंडर काढायचे, काऊलचे वरचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) एकेक करून कापायचे, आतला सडका भाग बदलायचा, रंग आणि सीलर लावून परत वेल्ड. चिकाटीचं काम आहे, पण घरी होतं.

प्रतिसाद, ओहायोहून:

फोटो पाहिला, दुखणं सापडलं. दोन मार्ग आहेत. व्हॉल्व्हवाला जुना ऑटोलाइट शोधून उघडून दुरुस्त करायचा, नाहीतर हाच कार्ब्युरेटर ठेवून वजनं आणि व्हॅक्युम दोन्ही असलेला नंतरचा डिस्ट्रिब्यूटर बसवायचा. मी दुसरा सुचवेन. बसवताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) लिहून समोर चिकटवा: १-५-३-६-२-४. टायमिंग स्ट्रोब दिवा लावूनच सेट करा.

या इंजिनाचा इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारा मार्ग, हेडबरोबर एकाच ओतकामात आलाय, त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावून ताकद वाढवायच्या नादाला लागू नका. मजा हाताळणीत आहे. पुढचा वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारी दांडी) एक इंच खाली घ्या. क्लाउस आर्निंग नावाच्या फोर्डच्या इंजिनिअरने बसवलेलं गणित आहे हे, १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० ला (मस्टँगचीच शर्यतीची आवृत्ती) हेच केलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडायची, खर्च जवळजवळ नाही. चांगले रेडियल टायर, नवे शॉक, आणि व्हील अलाइनमेंट रेडियलच्या हिशेबाने. वळणावर गाडी अंगाखाली घट्ट बसल्यासारखी वाटेल.

प्रतिसाद, कॅलिफोर्नियाहून:

सगळ्यांचं वाचलं, पण ब्रेकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. १९६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलचा पंप, एकाच कप्प्याचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, पेडल थेट फरशीला. दोन कप्प्यांचा मास्टर १९६७ च्या मॉडेलपासून आला. डिस्क ब्रेक सावकाश घ्या. पाच नटांचे घेतलेत तर मागची चाकं चार नटांची राहतील आणि दोन स्टेपन्या लागतील. पण दोन कप्प्यांचा मास्टर आणि तिन्ही रबरी होज हे वुडवर्डच्या आधी झालंच पाहिजे. तिथे दिवसभर थांबत-निघत जायचं असतं.

पट्टेही बघा. मूळचे फक्त कमरेचे आहेत. खांद्यावरून येणारे तीन बिंदूंचे पट्टे मिळतात, पण हार्डटॉपला दारामागे खांब नाही, त्यामुळे वरचं टोक छपराच्या कडेच्या पत्र्यात आतून जाड पट्टी देऊनच बसवा. ८६ वर्षांचे आजोबा शेजारी बसणार आहेत ना, मग हे आधी.

आणि ऐतिहासिक नंबरप्लेट घेणार असाल तर मिशिगनमध्ये ती एरवी प्रदर्शनं, परेड, क्लबचे कार्यक्रम अशांपुरतीच असते, ऑगस्टमध्ये मात्र गाडी रोजच्या वापरालाही चालते. रविवारच्या फेऱ्यांसाठी साधीच प्लेट बरी.

धागाकर्ती:

ताई, पट्ट्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आभार. साधीच प्लेट घेते.

तीन आठवड्यांनी लिहितेय. फ्रेम रेल दोन्ही बाजूंचे आणि टॉर्क बॉक्सही टणक निघाले. तळाचं ठिगळ झालं. दोन कप्प्यांचा मास्टर बसला, होज बदलले. ब्रेकमधली हवा काढताना मुलगी पेडल दाबत होती आणि मी चाकाशी निपल सोडत होते. पहिल्यांदा पेडल अर्ध्यावर कडक लागलं तेव्हा ती ओरडलीच. पट्टे या आठवड्यात येतील.

काल संध्याकाळी डिस्ट्रिब्यूटर बसवला. टायमिंग लावून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली आणि परत येताना पाय दाबला. अडखळली नाही. सरळ ओढत गेली. आजोबा फाटकाशी उभे होते. काही बोलले नाहीत, पुढे येऊन बॉनेटवर हात ठेवला आणि इंजिन बंद करू नको अशी खूण केली. बराच वेळ ऐकत उभे राहिले.

व्ही-८ चा विचार सोडला. काऊल नोव्हेंबरात उघडणार. टेक्सासच्या दादांना एकच विचारायचंय: स्पॉट वेल्ड कापताना खालचा पत्रा वाचवायचा कसा? सरावासाठी भंगारातून जुना फेंडर आणलाय.

प्रतिसाद, टेक्सासहून:

साधा ड्रिल बिट वापरू नका, तो आरपार जातो. स्पॉट वेल्डचा खास कटर घ्या, आठ मिलिमीटरचा. आधी पॉलिश पेपरने रंग घासा, म्हणजे वेल्डचा गोल खळगा उठून दिसेल. मध्यावर पंच मारा, ड्रिल सावकाश फिरवा, थेंबभर तेल सोडत राहा. वरचा पत्रा कापला गेला की किसाचा रंग बदलतो, तिथे थांबा. त्या फेंडरवर वीसेक वेल्ड कापा आणि फोटो टाका, मग पुढचं सांगतो.