ग्लायडरनंतर पुष्पक: रडर नेमका कधी आणि किती द्यावा?

प्रश्न:
माझे ग्लायडरचे प्रशिक्षण हडपसरला झाले. वळताना एलरॉनबरोबरच (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे फलक) रडर (शेपटीवरचा, पायाने चालणारा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा फलक) द्यायचा आणि कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) चिकटवलेला, विमान आडवे घसरते आहे का हे दाखवणारा लोकरीचा धागा सरळ ठेवायचा, हे अंगवळणी पडले आहे. आता पुष्पक या शेपटीला चाक असलेल्या जुन्या विमानावर शिकायची संधी आली आहे. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) उघडताच त्याचे नाक डावीकडे ओढते असे ऐकतो. एक ज्येष्ठ वैमानिक मात्र म्हणतात, की टायगर मॉथ हे जुने प्रशिक्षण विमान उजवीकडे जात असे. यातले खरे काय आणि खरा धोका कुठे आहे?

उत्तर १:
दोन्ही खरे आहे. पुष्पकच्या कॉन्टिनेंटल इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा उलट. आपल्या वायुदलाकडे मर्लिन आणि ग्रिफन अशा दोन्ही इंजिनांची स्पिटफायर लढाऊ विमाने होती आणि त्यांची ओढही परस्परविरुद्ध दिशांना असे. पंख्यामागची हवा पीळ घेत शेपटीच्या उभ्या पंखावर आदळून तिला बाजूला ढकलते, म्हणून नाक फिरते. शिवाय शेपटी खाली असताना पंख्याचे खाली येणारे पाते अधिक ओढ देते, त्यामुळेही नाक त्याच बाजूला वळते. शेपटी झटक्यात उचलली, तर फिरत्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे पुष्पकचे नाक आणखी डावीकडे जाते. म्हणून थ्रॉटल सावकाश उघडावा, शेपटी सावकाश उचलावी आणि उजवा रडर देण्यासाठी उजवा पाय आधीच सज्ज ठेवावा.

उत्तर २:
माझ्या मते उड्डाणापेक्षा उतरणे अधिक फसवे आहे. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक जरा फिरले की शेपटी पुढे येऊ पाहते आणि ते वळण आपोआप वाढत जाते. त्यात थ्रॉटल बंद, वेग घटलेला, म्हणजे रडरवर हवा जवळजवळ नाही. नेमक्या त्याच वेळी बाजूचा वारा शेपटीला ढकलतो. नाक फिरलेले दिसल्यावर जोराने पाय मारणाऱ्याचे विमान उलट दिशेला गरकन फिरते. लहान दाब द्यावा, लगेच सोडावा, आणि चाके पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवरून काढू नयेत.

उत्तर ३:
हवेतली एक गोष्ट राहिली. धावपट्टीकडचे शेवटचे वळण चुकून पुढे गेले, की आतल्या बाजूचा रडर वाढवून नाक ओढून आणण्याचा मोह होतो. तेव्हा धागा किंवा घसरणे दाखवणाऱ्या इंडिकेटरमधला गोळा बाजूला सरकतो, आणि वेग कमी असल्यास आतला पंख आधी स्टॉल होऊन (उचल गमावून) विमान स्पिनमध्ये (गरगर फिरत खाली) जाते. एवढ्या कमी उंचीवर थ्रॉटल बंद, एलरॉन मध्यावर, उलटा रडर, मग स्टिक (हाताचा नियंत्रण-दांडा) पुढे ही त्यातून बाहेर काढणारी सारी कृती करायला जागाच उरत नाही. वळण चुकले, तर फेरी मारून पुन्हा यावे.