सुपरझूम कॅमेरा पक्ष्यांसाठी चालेल का? (खाडी आणि पोफळीची बाग, दोन्हीकडे)

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी अंजर्ल्याजवळ राहतो, घरामागे पोफळीची बाग आणि दहा मिनिटं चाललं की खाडी. दोन वर्षं दुर्बिणीने पक्षी बघतोय, वहीत नोंदी ठेवतोय, पण आता फोटो हवेत कारण चिखल्या, तुतवार, कुरव यांच्यात माझा फार गोंधळ होतो, घरी येऊन पुस्तक उघडलं की पायाचा रंग काय होता तेच आठवत नाही. ओळखीतले एक काका निकॉनचा पी९०० हा सुपरझूम (लेन्स बदलता न येणारा, लांबचं टिपणारा कॅमेरा) विकतायत, ८३ पट झूम, २००० एमएमपर्यंत जातो (हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). चुलतभाऊ म्हणतो ते घेऊ नको, माझा जुना २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घे ७०-३०० एमएमच्या लेन्ससकट, तेवढ्याच पैशात देतो. त्याचं म्हणणं सुपरझूमचा सेन्सर (आतली फोटो टिपणारी पट्टी) नखापेक्षा लहान असतो, फोटो पिठासारखे येतात. १५०-६०० लेन्स परवडणार नाही हे आधीच सांगतो. ज्यांनी खरंच वापरलाय त्यांनी सांगा, पैसे एकदाच घालणार आहे.

तिवर_रत्नागिरी:
मी २०१७ पासून पी९००च वापरतोय, भाट्याच्या खाडीवर शेकडो सकाळी घालवल्यात, त्यामुळे मनापासून सांगतो. चुलतभाऊ सेन्सरबद्दल खोटं बोलत नाहीये, डीएसएलआरचा सेन्सर क्षेत्रफळाने साधारण १३ पट मोठा आहे. पण त्या सेन्सरच्या केवढ्या तुकड्यावर पक्षी पडतो हे कोणी मोजतच नाही. ओहोटीला पाणी मागे गेलं की चिखल्या तुझ्यापासून १०० मीटरवर असणार, वीतभर पक्षी. ३०० एमएमच्या लेन्सने तो २४ मेगापिक्सेलच्या फोटोत जेमतेम १५० पिक्सेल लांब येतो, पी९००ने पूर्ण झूमवर ५००च्या वर. १५० पिक्सेलमध्ये पायाचा रंग बघायचा म्हणजे नुसता अंदाज.

आणि पी९००च्या लेन्सचं खरं फोकल लेंथ ३५७ एमएम आहे (२००० हा ३५ एमएम फिल्मच्या मापाने सांगतात तो आकडा), एफ ६.५ ला, म्हणजे ३५७ ला ६.५ ने भागलं की उजेड आत घेणारं भोक साधारण ५५ मिलिमीटरचं. भावाच्या ३०० एफ ५.६ लेन्सचं पण तेवढंच निघतं, भागाकार करून बघ. म्हणजे लांबच्या एका पक्ष्याकडून येणारा उजेड दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे डीएसएलआरचा फोटो कापून पक्षी मोठा केलास की तो मोठ्या सेन्सरचा फायदा बराचसा तिथेच संपतो. हे लोकांना पटत नाही पण मी एकाच तिवरावर बसलेल्या एकाच खंड्याचे दोन्हीने फोटो काढून बघितलेत.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे पायातल्या पट्ट्या. बीएनएचएसवाले (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांच्या पायात कडी, रंगीत पट्ट्या घालतात, त्यावरची अक्षरं मला दोनदा वाचता आली, पक्ष्याला न उठवता. लांबून आलेली ती पाखरं ओहोटीच्या चार तासात पोट भरत असतात, फोटोसाठी त्यांना सारखं उडवणं बरोबर नाही, आणि लांब झूम असला की पुढे सरकायची इच्छाच होत नाही.

धनेश_सावंतवाडी:
वरच्या दादांचं खाडीपुरतं शंभर टक्के बरोबर, पण तू पोफळीच्या बागेचं पण विचारलंयस आणि तिथे उलटा हिशोब आहे रे. बागेत पक्षी लांब नसतो, ८-१० मीटरवर असतो, आणि कमी असतो तो उजेड. माझ्याकडे तीन पावसाळे सुपरझूम होता. तिबोटी खंड्या जूनमध्ये येतो, ओढ्याच्या काठाला, वर झाडांचं छप्पर, आभाळ भरलेलं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ला नेला तरी शटर सेकंदाच्या १/६० च्या वर जाईना, आणि १६०० ला त्या छोट्या सेन्सरवर पिसं उरतच नाहीत, कॅमेरा नॉइज (फोटोतले दाणे) पुसताना पिसं पण पुसतो. पी९०० ला रॉ (कॅमेऱ्याने हात न लावलेली मूळ फाइल) नाही, त्यामुळे घरी येऊन काही वाचवता येत नाही, जे जेपीजी आलं ते आलं (पी९५० ला रॉ दिलंय, जुना मिळाला तर आधी तो बघ). इथे ३०० एमएममध्येसुद्धा पक्षी फ्रेममध्ये चांगला मोठा येतो, म्हणजे मोठ्या सेन्सरचा पुरेपूर उपयोग, भावाचा डीएसएलआर इथे सरळ जिंकतो.

मलबारी कवड्या धनेश मात्र वडाच्या शेंड्यावर फळं खात उन्हात बसलेले मी त्याच सुपरझूमने इतके सुंदर टिपलेत की घरात मोठी प्रिंट लावलीय. खरां सांगतंय, पक्षी उन्हात आणि स्वस्थ बसलेला असला तर त्या कॅमेऱ्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही.

पाकोळी:
उडत्या पक्ष्यांचं कोणीच बोललं नाही. हर्णै बंदरात होड्या आल्या की कुरवांचे थवे घिरट्या घालतात, तिथे पी९०० घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. फोकस कॉन्ट्रास्टवर (उजळ-गडद भागांतल्या फरकावर) चालतो, मागे आभाळ असलं तर पुढेमागे शोधतच बसतो, आणि बर्स्ट (लागोपाठ फोटो) सेकंदाला ७ म्हणतात पण ७ फोटो झाले की कॅमेरा लिहीत बसतो, तोवर समुद्री गरुड मासा घेऊन निघून गेलेला असतो. माझ्या डोळ्यासमोर झालंय हे, अजून चुटपुट आहे. उडताना टिपायचे असतील तर भावाचा डीएसएलआर घ्या, किंवा पुढेमागे पैसे जमले तर सोनीचा आरएक्स१० मार्क ४, सेन्सर एक इंचाचा, फोकस वेगवान, सेकंदाला २४ फोटो, पण झूम ६०० एमएमलाच थांबतो आणि महाग आहे. एकच कॅमेरा सगळं करेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तिवर_रत्नागिरी:
पाकोळीताई, उडत्याचं मान्य, मी ते सोडूनच दिलंय. फक्त एक, झूमच्या बाजूला एक बटण असतं, दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं. ते बोटाला वळण पडलं की निदान बसलेला पक्षी हरवत नाही.

आणि खाडीकाठच्या, एक गोष्ट सगळेच विसरतात, हवा. पैसे द्यायच्या आधी काकांकडून एक दिवस कॅमेरा मागून घे. सकाळी सातला खाडीच्या या काठावरून समोरच्या होडीवर रंगवलेला नंबर पूर्ण झूमने टिप, मग दुपारी एकला त्याच जागेवरून परत टिप. दुपारी तापलेल्या वाळूवरून हवा थरथरते आणि नंबर वितळल्यासारखा दिसतो, त्यात दोष कॅमेऱ्याचा नसतो, लाखाची लेन्स लावलीस तरी तेच होणार. माझे कामाचे फोटो सगळे साडेनऊच्या आतले किंवा चारनंतरचे आहेत.

धनेश_सावंतवाडी:
जुना घेताना नळी पूर्ण बाहेर काढून आत मोबाईलचा टॉर्च मार. कोकणातला कॅमेरा आहे, बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तिथेच सोडून दे, साफ करायचा खर्च कॅमेऱ्याइतका होतो. झूम आतबाहेर करताना करकर आवाज आला तर आत वाळू गेलीय. या कॅमेऱ्याला पावसापाण्यापासून काही संरक्षण नाही, त्यामुळे घेतलास तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेव आणि किनाऱ्यावरून आलास की कोरड्या फडक्याने पुस, मिठाचा थर लगेच बसतो.

खाडीकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडून कॅमेरा आणला. टॉर्च मारला, लेन्स स्वच्छ आहे, झूमला आवाज नाही. सकाळी सव्वासातला पलीकडच्या होडीचा नंबर स्पष्ट वाचता आला, दुपारी पहिली दोन अक्षरं सोडून काही नाही, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. बागेत संध्याकाळी पांढऱ्या गळ्याचा खंड्या काढला तो खरंच पिठासारखा आला. पण सकाळी खाडीवर चिखल्यांचा थवा होता, त्यातल्या एकाचे पाय हिरवट राखाडी दिसतायत, चोच आखूड, दोन वर्षांत पहिल्यांदा मी घरी बसून निवांतपणे पाय बघितले. वहीत माझ्या बऱ्याचशा नोंदी खाडीच्याच आहेत, म्हणून हाच घेतोय. बागेसाठी पावसाळ्यात भावाचा डीएसएलआर उसना मागेन, तो देईल. त्या चिखल्याचा फोटो उद्या टाकतो, छोटा की मोठा ते सांगा.