मदत हवी आहे: मुलीला फिट्स येतात, एमआरआय 'नॉर्मल', तरी पुन्हा स्कॅन कशासाठी?

नमस्कार,

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षीपासून तिला झोपेत फिट्स येतात. उजवा हात ताठ होतो, मान उजवीकडे वळते, मिनिटभरात सगळं थांबतं आणि ती परत झोपते. काही रात्री असं तीन-चारदा होतं. ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात) डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड दिसला. आधी ऑक्सकार्बाझेपिन दिलं, मग जोडीला लेव्हेटिरासिटाम. डोस पुरेसे आहेत, गोळ्या वेळच्या वेळी जातात, तरी फिट्स चालूच आहेत.

पहिल्या फिटनंतर एमआरआय झाला होता, तो नॉर्मल. आता बालन्यूरोलॉजिस्ट म्हणतात, ३ टेस्लाच्या (जास्त शक्तीच्या चुंबकाच्या) मशीनवर एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे फिट्सचं कारण शोधायच्या खास पद्धतीने पुन्हा एमआरआय करू, सोबत व्हिडिओ ईईजी (चित्रण चालू ठेवून केलेला ईईजी), आणि गरज पडली तर पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा). ऑपरेशनचा विषयही त्यांनी ओझरता काढला. सासूबाई विचारतात, एकदा काही निघालं नाही तर पोरीला परत मशीनमध्ये कशाला घालायचं? मला त्यांना नीट सांगता येत नाही, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न आहे. शिवाय पेटच्या रेडिएशनची भीती वाटते. आणि दुसऱ्यांदाही काही दिसलं नाही तर पुढे काय? या क्षेत्रातल्या किंवा यातून गेलेल्या कुणी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला अगदी योग्य वाटतो.

नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या पद्धतीने काढलेल्या चित्रांत काही दिसलं नाही, एवढंच. नेहमीच्या एमआरआयमध्ये काप बहुतेक वेळा चार-पाच मिलिमीटर जाडीचे असतात. औषधांना दाद न देणाऱ्या ज्या मुलांचं ऑपरेशन होतं, त्यांच्यात सर्वाधिक सापडणारं कारण म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया. बाळ पोटात असताना मेंदूच्या एखाद्या जागी पेशींची रचना नीट झालेली नसते. तो भाग नखाएवढाही असू शकतो, आणि पुष्कळदा एखाद्या घडीच्या तळाशी दडलेला असतो. खुणाही पुसट असतात: तिथला कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा करडा थर) किंचित जाड, करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा धूसर, कधी तिथून आतल्या पोकळीकडे निमुळता होत गेलेला पट्टा. जाड कापांत हे सहज निसटतं. म्हणून आयएलएई या एपिलेप्सीवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये 'हार्नेस' प्रोटोकॉल सुचवला: १ मिलिमीटरच्या कापांचे त्रिमितीय टी१ आणि फ्लेअर, शिवाय हिप्पोकॅम्पसच्या (स्मरणशक्तीशी संबंधित भागाच्या) काटकोनातले बारीक टी२. टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआय चित्रांचे प्रकार.

मशीनइतकंच महत्त्व चित्रं वाचणाऱ्याला काय माहीत आहे याला असतं. तपासणीच्या कागदावर नुसतं 'फिट्स' लिहिलेलं असलं तर आम्ही सगळा मेंदू सारखाच चाळतो. 'उजवा हात ताठ, ईईजी डावीकडे पुढे' असं असलं तर नजर तिथे रेंगाळते, कारण उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते. ईईजी शेजारी ठेवून जुनी चित्रं पुन्हा पाहिल्यावर दोष सापडल्याचं मी पाहिलंय. जुनी सीडी नक्की न्या.

लहान बाळांच्या पालकांसाठी: साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान मज्जातंतूंवरचं आवरण तयार होत असतं, त्यामुळे असा दोष झाकला जाऊ शकतो. म्हणून फिट्स चालू राहिल्या तर दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा एमआरआय करतात. उलट ठरावीक लक्षणांची अॅब्सेन्स किंवा रोलँडिक एपिलेप्सी (मुलांमध्ये आढळणारे फिट्सचे दोन प्रकार) असेल तर बऱ्याचदा एमआरआय लागतही नाही. सीटी स्कॅन तातडीच्या वेळी रक्तस्राव पाहायला ठीक, पण डिस्प्लेसियासाठी त्यावर विसंबू नका.

एमआरआयमध्ये रेडिएशन अजिबात नसतं. पेटमध्ये असतं, म्हणून मुलांना वजनाप्रमाणे कमीत कमी डोस देतात आणि उत्तराचा खरोखर उपयोग असेल तेव्हाच करतात.

प्रतिसाद २

ताई, माझ्या मुलाचा दुसरा एमआरआयसुद्धा नॉर्मल आला होता, त्यामुळे तुमची शेवटची भीती मला पुरती कळते. पुढे वाट असते. पेटमध्ये एका जागी साखर कमी वापरली जात असल्याचं दिसलं. मग तीच जागा एमआरआयवर पुन्हा बारकाईने पाहिली, तेव्हा पुसटसा दोष सापडला. व्हिडिओ ईईजीही त्याच बाजूला बोट दाखवत होता. तिन्ही गोष्टी जुळल्यावरच डॉक्टर ऑपरेशनचं बोलले, आणि त्याआधी फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कुठलं काम करतो ते दाखवणारा) करून भाषेची केंद्रं कुठे आहेत ते पाहिलं. ही केंद्रं बहुतेकांत डावीकडे असतात आणि तुमच्या लेकीचा प्रश्न डाव्या बाजूचा आहे, तेव्हा याबद्दल अवश्य विचारा. मुलाच्या फिट्स थांबल्या, गोळ्या अजून चालू आहेत. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही.

सासूबाईंना एवढं सांगा: दोन योग्य औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट्स थांबत नाहीत, तेव्हा तिसऱ्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणूनच डॉक्टर आत्ता शोध घेताहेत. आणि रात्रीच्या फिटचं मोबाइलवर चित्रण करा, दिवा लावून, पांघरूण बाजूला करून. डॉक्टरांना त्यातून फार कळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी स्वतःच विचारलं, तारीख कधीची घ्यायची. एकच राहिलं: भूल द्यावीच लागते का? आणि उपाशी ठेवायचं तर सकाळच्या गोळीचं काय?

प्रतिसाद १

आठव्या वर्षी बरीच मुलं भुलेशिवाय निभावतात. अर्धा-पाऊण तास स्थिर पडावं लागतं आणि मशीनचा आवाज मोठा असतो. तो आवाज तिला आधी घरी ऐकवा, डोकं न हलवता पडून राहायचा सराव खेळ म्हणून घ्या. तुम्हाला आत तिच्याजवळ थांबता येईल का, तेही विचारून ठेवा. भूल द्यायची ठरली तरी फिट्सची गोळी सहसा चुकवत नाहीत, घोटभर पाण्याबरोबर देतात. पण किती वाजता द्यायची हे भूलतज्ज्ञांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्या.